पंचविसावा आरा

"किती टक्के झालं?" हा प्रश्न माझ्या दहावीच्या निकालाला कुणी विचारला नसेल इतक्या वेळा त्या एका आठवड्यात आमच्या घरात विचारला गेला. विचारणारे एकच, माझे सासरे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. उत्तर देणारी मी आणि उत्तर पडद्यावर. तेरा टक्के. चौदा. चौदा. अजून चौदाच.

आमचं लोधिवलीत रेडियमचं दुकान आहे. गाड्यांवरची नावं, नंबर प्लेटा, दारावरच्या पाट्या. मी कॉम्प्युटरवर चित्र काढते, मग कटिंगचं मशीन त्या चित्राच्या रेषांवरून पातं फिरवतं आणि चिकटपट्टीच्या रंगीत कागदातून आकार कापून देतं. आधी हेच काम आबा करायचे, पण ब्रशने. चाळीस वर्षं त्यांनी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या दुकानांचे बोर्ड रंगवले, आणि कितीतरी बुद्धविहारांवर चोवीस आऱ्यांचं निळं चक्र काढलं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा ब्रश चालू होता. पुढे आम्ही मशीन आणलं नि ब्रश डब्यात गेला. त्याबद्दल आबांनी मला कधी बोल लावला नाही, पण मशीन चालू झालं की जवळ खुर्ची ओढून बसायचे, चोराच्या घरी पहारा द्यावा तसे.

गेल्या वर्षी आमच्या विहाराची दुरुस्ती झाली. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन ठरलं आणि दरवाजाच्या वर, बारा फुटांवर, मोठं चक्र लावायचं ठरलं. काम अर्थात आमच्याकडे. मी आधी हातभर आकाराचा नमुना कापायला घेतला. चक्र काढायला मी जे चित्राचं सॉफ्टवेअर वापरते ते फुकट मिळतं, जगभरातल्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेलं आहे. त्यात एक सोय आहे. एक आरा काढायचा, मग सांगायचं की याच्या चोवीस प्रती गोल फिरवून दे. झालं चक्र. मी दहा वर्षं असंच काढत आले होते.

मशीन कापत होतं, आबा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं डुलकी लागली. मशीन थांबलं आणि आबा म्हणाले, "पंचवीस."

"काय पंचवीस?"

"आरे. पंचवीस कापले त्यानं. मी ऐकलं ना."

मी हसले. पडद्यावर मोजून दाखवले, चोवीस. कागदावर मोजून दाखवले, चोवीस. आबा म्हणाले, "डोळ्याला चोवीस हायेत. कानाला पंचवीस." मग मला राग आला, आणि राग आला की मी माणसाला खोटं पाडायला निघते. पडद्यावर पहिला आरा माऊसने पकडून बाजूला ओढला, म्हटलं बघा. तर त्याच्याखाली आणखी एक आरा.

आबा मिशीत हसले.

झालं होतं असं की ते सॉफ्टवेअर चोवीस प्रती करायचं, पण मूळचा आरा वेगळा ठेवायचं. चोविसावी प्रत पूर्ण फेरी मारून नेमकी मूळ आऱ्यावर येऊन बसायची. दिसायला एकच, पण पातं त्या जागी दोनदा फिरायचं. म्हणूनच आमच्या प्रत्येक चक्राचा एक आरा वर्षभरात सुटून यायचा. आणि मी इतकी वर्षं खापर चिकटपट्टीच्या कागदावर फोडत होते!

"सोपं आहे," मी म्हटलं. "एक आरा हाताने पुसते."

"नाय," आबा म्हणाले.

आता इथे आमच्याकडच्या जुन्या पेंटरांचा एक रिवाज सांगायला हवा. दुसऱ्याने लिहिलेल्या बोर्डावर त्याला विचारल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. चूक दिसली तरी नाही. आबांना एकदा एका हॉटेलवाल्याने बोलावलं होतं. बोर्डावरचा बाण उलट्या दिशेला काढलेला, गिऱ्हाईक हॉटेल सोडून भलतीकडे जात होतं. आबांनी बोर्ड पाहिला, ब्रश पिशवीतच ठेवला, सायकलवर टांग टाकून कर्जतला त्या पेंटरच्या घरी गेले. तो गावाला गेलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, चहा प्याले, परवानगी घेतली आणि मग बाण फिरवला. दोन दिवस हॉटेलवाला रस्त्यावर उभा राहून हाताने गिऱ्हाईक वळवत होता. आबांना त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

"ज्याचा बोर्ड हाय त्याला सांग," आबा म्हणाले. "त्यानं चूक मानली पायजे. मग दुरुस्त कर. ठिगळ लावलेलं चक्र मी विहारावर लावू देणार नाय. तुला जमत नसंल तर मीच रंगवतो."

मीच रंगवतो, हे दोन शब्द ऐकून माझी पाचावर धारण बसली. आदल्या वर्षी आबा प्लास्टिकच्या स्टुलावरून पडले होते. स्टूल ते केवढं! तरी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तीन महिने खाटेवर काढले. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडले तर उभे राहायचे नाहीत. आणि हे बारा फुटांवर चढायला निघाले. मला वाटलं रागात बोलले असतील. संध्याकाळी बघते तर अंगणातल्या भिंतीला बांबूची शिडी लावलेली. कुणाकडून तरी मागून आणली होती. आबा एकदा हट्टाला पेटले की कुणाचं ऐकत नाहीत, माझ्या नवऱ्याचं तर मुळीच नाही. त्याने समजूत काढायचा प्रयत्न केला आणि आबांनी त्याला शिडी पुसायला लावली.

म्हणून मी त्या सॉफ्टवेअरच्या लोकांना लिहिलं. चूक कुठे आहे ते लिहिलं, आबांनी ती कानाने पकडली तेही लिहिलं, आणि पेंटरांचा रिवाजही लिहिला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. दोन दिवसांनी उत्तर आलं. कुठल्याशा थंड देशातली एक बाई तो भाग सांभाळते. तिने लिहिलं की दुरुस्ती तुम्हीच करून पाठवा, फक्त ती लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्ही प्रकारच्या कॉम्प्युटरांवर कंपाइल करून, हाताने चित्र काढून तपासा. शनिवारी दुपारपर्यंत जमलं तर या आवृत्तीत घेऊ, नाहीतर पुढच्या, म्हणजे सहा महिन्यांनी. पौर्णिमा त्याच्या पुढच्या आठवड्यात होती.

कंपाइल करणं म्हणजे काय ते आबांना सांगितलं तसंच सांगते. सॉफ्टवेअर आपल्याला तयार मिळतं, पण ते मुळात माणसाने लिहिलेल्या लाखो ओळी असतात. त्या ओळींमधून मशीनला चालवता येईल असा प्रोग्रॅम आपल्या कॉम्प्युटरवर स्वतः घडवायचा, ते कंपाइल. लग्नाआधी मी खोपोलीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. त्यातलं वीस वर्षांत काही वापरलं नव्हतं. पण चूक असलेली ती ओळ सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचले. खरंच नाचले, दुकानात गिऱ्हाईक असताना. चोवीस प्रतींतून एक वजा करायचा होता, बस. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची आणि ती घडवून बघायला आठवडा.

पहिली पाळी आमच्या घरच्या लिनक्सची. तो कॉम्प्युटर जुना, गरीब. सुरुवात केली की तो म्हणायचा अमुक नाही. अमुक आणून दिलं की म्हणायचा तमुक नाही. सकाळभर मी त्याला एकेक जोडसामान पुरवत होते, नव्या जावयाचा मान राखावा तसं. शेवटी एकदाचा टक्का हलला. पंखा घरघरायला लागला आणि आबांनी खुर्ची ओढली.

"किती टक्के झालं?"

तेवीसवर वीज गेली. पुन्हा सुरुवात. सुदैवाने तो झालेलं काम विसरत नाही, हे मला तेव्हा कळलं. बासष्टवर असा अडला की मला वाटलं मेला. आबा म्हणाले, "बासष्टावर बसलंय गं. उठव त्याला." काही उठवायचं नसतं आबा, आपोआप होतं, असं म्हणेपर्यंत त्रेसष्ट झालं, आणि आबांचा समज झाला की त्यांच्या बोलण्याने झालं. तिथून पुढे प्रत्येक अडलेल्या टक्क्याला त्यांनी हाक मारली. शेजारच्या दोन बायका भाजी निवडायला घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या. नव्वदच्या पुढे भाजी निवडायची थांबली. शंभर झाले तेव्हा त्या दोघींनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं की काय झालं.

चक्र काढलं. पहिला आरा बाजूला ओढला. खाली काही नाही! मशीनला लावलं, आबांनी डोळे मिटले. मशीन थांबल्यावर त्यांनी बोटं उघडून बघितली आणि म्हणाले, "चोवीस." मला एवढा आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारणार होते, पण सून असल्याचं वेळेवर आठवलं.

विंडोज माझ्या नणंदेकडे, ताईंकडे, भिवपुरीला. तिचा नवरा वीजकेंद्रात, राहायला कॉलनीत क्वार्टर. तिथे वीज जात नाही हे मोठं सुख. आबांना म्हटलं तुम्ही घरी थांबा, तर म्हणाले, "आणि अडलं मंजी हाक कोण मारंल?" मग रिक्षा करून दोघं गेलो.

विंडोजवर आधी कंपाइल करायच्या सामानाचा दुसराच एक संसार थाटावा लागतो, तो इंटरनेटवरून उतरवण्यात सकाळ गेली. मग पहिल्याच टक्क्याला गाडी अडली. कारण शोधून माझ्या तोंडाला फेस आला. ताईंनी आपल्या फोल्डरला तीन शब्दांचं लांबलचक नाव दिलं होतं, मध्ये रिकाम्या जागा सोडून, आणि कंपाइल करणाऱ्याला रिकामी जागा दिसली की रस्ता संपला असं वाटतं. सगळं सामान एका शब्दाच्या फोल्डरात हलवलं आणि टक्के धावायला लागले. शंभर झाले! प्रोग्रॅम उघडायला गेले तर प्रोग्रॅम जागेवर नाही. कॉम्प्युटरमधल्या राखणदार सॉफ्टवेअरने हा कोण अनोळखी म्हणून त्याला उचलून कोंडून ठेवलं होतं.

"अरे, घरातल्या घरात जन्मलाय तो," ताई पडद्याला म्हणाल्या. "त्याला काय चोर समजतोस?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग ताईंनी राखणदाराला समज दिली, म्हणजे मी सांगितलेली तीन बटणं दाबली, आणि चक्र निघालं. चोवीस. आबांनी पडद्यावर बोट टेकवून मोजले, दोनदा.

राहिलं मॅक. ते महागडं यंत्र आमच्या ओळखीत एकाच घरी, कर्जतला. आबा ज्यांच्या दुकानातून आयुष्यभर रंग घेत आले त्या चाचांची मुलगी आर्किटेक्ट आहे. चाचांचं घराणं मूळचं समुद्राकाठचं, कर्जतला येऊन दोन पिढ्या झाल्या. शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा चाचा नमाजाला गेलेले, मुलीने आम्हाला वर तिच्या ऑफिसात नेलं. शिरखुर्मा समोर आला, आणि मी पहिली वाटी संपवेपर्यंत कंपाइल झालंसुद्धा.

"एवढ्यात?" आबा फारच नाराज झाले. "नीट झालं नसंल. परत कर."

पण नीट झालं होतं. चक्र निघालं, चोवीस. मी मनातल्या मनात शिडी परतसुद्धा करून आले. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "वहिनी, मी माझं काढून बघू?" तिला एका बंगल्याच्या खिडकीवरची अर्धगोल जाळी काढायची होती, उगवत्या सूर्यासारखी. एका किरणाच्या आठ प्रती मागितल्या, म्हणजे मूळच्यासह नऊ किरण. आठ आले. उजव्या टोकाचा किरण गायब.

तिने पुन्हा केलं. आठ. मी केलं. आठ. आबांनी वाटी खाली ठेवली.

चूक माझी होती, आणि ती फक्त आमच्याच घरात होऊ शकली असती. आरे म्हटलं की चक्र, चक्र म्हटलं की पूर्ण फेरी. जगात कुणाला अर्धंच चाक हवं असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. पूर्ण फेरीत शेवटची प्रत पहिल्यावर येऊन बसते म्हणून एक वजा करणं बरोबर. पण अर्ध्या गोलात ती कुणावर बसत नाही, तिची जागा तिची असते. मी आंधळेपणाने तिलाही उडवलं होतं. म्हणजे आबांनी दुसऱ्याच्या बोर्डावरची चूक पकडली, आणि मी ती पुसून तिथे माझी स्वतःची रंगवली.

मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू. आबा अंगणात शिडीला हात लावून उभे आहेत असं दिसायला लागलं. मी म्हटलं, "आबा, नाही जमलं मला."

आबा पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "आता बोर्ड कुणाचा हाय?"

"कुणाचा म्हणजे?"

"ही चूक तू लिवलीस ना? मग तुला कुणाची परवानगी लागतीय? पूस की."

त्या मुलीने खुर्ची रिकामी करून दिली. दोन ओळी लिहायच्या होत्या: शेवटची प्रत पहिल्यावर येते का बघ, येत असेल तरच तिला सोड. लिहिलं, पुन्हा कंपाइल लावलं, आणि आता कळलेली गंमत अशी की फक्त बदललेला तुकडाच नव्याने घडतो, बाकीचं तसंच राहतं. दोन मिनिटं! नऊ किरण. चक्र काढलं, चोवीस. चाचांची मुलगी ओरडली, मी ओरडले, खाली दुकानात चाचा नुकतेच परतले होते, ते काय पडलं म्हणून धावत वर आले.

तिथूनच ताईंना फोन लावला. त्यांना ओळी सांगाव्या लागणार, कुठे टाइप करायच्या ते समजवावं लागणार, म्हणून मी घसा साफ केला. ताई म्हणाल्या, "तू नुसती फाइल पाठव. बाकी मला येतंय. मी काल परत एकदा करून बघितलं होतं, असंच." पंधरा मिनिटांत ताईंचा फोटो आला: पडद्यावर अर्धा सूर्य, शेजारी पूर्ण चक्र, आणि कोपऱ्यात ताईंचा अंगठा. घरचं लिनक्स शनिवारी सकाळी केलं. दुपारच्या जेवणाआधी तिन्हींचे फोटो आणि दुरुस्ती पाठवून दिली, आणि मग मी उपाशीपोटीच झोपून गेले.

रविवारी सकाळी उत्तर आलं. दुरुस्ती घेतली होती. खाली त्या बाईने दोन वाक्यं जास्तीची लिहिली होती. ती मी आबांना मराठीत वाचून दाखवली. "ती जुनी ओळ मीच लिहिली होती, माझी पहिलीच. चूक माझी आहे, पुसायला माझी परवानगी आहे, आणि ज्यांनी ती कानाने ऐकली त्यांना नमस्कार सांगा."

आबांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "बाई सरळ दिसतीय. जवळ असती तर चहा प्यायला गेलो असतो." आणि नाक शिंकरायला म्हणून उठून मागच्या दारी गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी चक्र लावायचं होतं. चार फुटांचं, निळं. आबांनी ते आधी टेबलावर पसरून प्रत्येक आऱ्यावरून बोट फिरवलं. मग अंगणातली शिडी काढून विहाराकडे न्यायला सांगितली. म्हटलं, हे आता अजून काय नवीन? सगळं झालं तरी म्हातारा चढणारच?

विहाराच्या दाराशी शिडी लागली. माझा नवरा पुढे झाला, तर आबांनी त्याला हाताने मागे सारलं आणि मला म्हणाले, "चढ."

"मी?"

"मग काय मी? चक्र कुणी केलंय?"

मी आयुष्यात शिडी चढले नव्हते. माझं सगळं काम खुर्चीत. साडीचा पदर खोचला, चक्राची गुंडाळी काखेत मारली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पाचव्या पायरीवर मी वरचा बांबू घट्ट धरून थांबले. सातव्या पायरीवर मला हसू फुटलं, आवरेना. खाली अर्धी आळी जमलेली, सगळे मला काही ना काही सांगत होते.

"कुणाचं ऐकू नको," आबांचा आवाज आला. "खाली बघू नको. शिडी मी धरलीय."

शिडी थरथरत होती. माझ्या पायांनी, की त्यांच्या हातांनी, ते बघायला मी खाली वाकले नाही. चक्राचं वरचं टोक भिंतीला टेकवलं आणि तळहाताने एकेक आरा दाबत खाली आले.